एकशे नव्वदावी सही

उणे एकतीस.
सही करताना डॉक्टर सारन्तुयांचं पेन थिजलं.
त्यांनी ते काखेत धरलं, बाळाला थर्मामीटर लावतात तसं,
आणि मागच्यांनी हसत हसत तेच केलं:
भूल देणारे, टाके घालणारे, रात्रपाळीहून तसेच आलेले,
पांढऱ्या कोटांवर मेंढीच्या कातड्याचे झगे चढवलेले
दोनशे बारा जण,
उलानबातरच्या चौकात, कोळशाच्या धुरात,
एका कायद्यासाठी.

मी डॉक्टर नाही. मी फोन उचलते.
कोणाचा मेंदू थांबला, कोणाच्या घरच्यांना विचारायचं,
यादीत वर कोण, आणि ते किती तासांत पोचेल,
हे सांगणारी बाई मी.
यादी संगणकात असते.
एक माझ्या वहीत, पेन्सिलीनं,
कारण नावं खोडावी लागतात.

वार्ताहर पोरगा विचारत होता,
कायदा कशाला? तुम्ही सगळी चांगलीच माणसं ना?
डॉक्टर गानझोरिग त्याला कलमं सांगत बसले:
साऱ्या देशाची एकच यादी,
क्रम आजाराचा, ओळखीचा नाही,
गरिबानं विकलं तर त्याला नव्हे, विकायला लावणाऱ्याला शिक्षा,
घरच्यांना विचारणारा वेगळा, कापणारा वेगळा.
पोरगा भराभर लिहीत होता. हातमोज्यातून.
मी गप्प.
मला त्याला त्सेरेनखांद सांगायची होती.

त्सेरेनखांद, दुंदगोवीची, उंट राखणारी.
पहिला क्रमांक.
डोळे हळदीचे, पोट घागरीसारखं.
शहराच्या कडेच्या टेकडीवर
बहिणीच्या तंबूत सहा महिने राहिली.
दर मंगळवारी माझ्या टेबलावर
वाळवलेल्या दह्याच्या वड्या ठेवायची
आणि काहीच विचारायची नाही.
विचारणं म्हणजे वशिला लावणं, असं तिला वाटायचं.

त्या रात्री एक मुलगा घोड्यावरून पडला.
देह अख्खा जावा असं मानणारे आमच्यात पुष्कळ,
त्याची आईही मानत असावी,
फार वेळ भिंतीकडे बघत होती.
मग हो म्हणाली.
मग पिशवीतून दूध काढलं, नऊ खळग्यांचा लाकडी चमचा,
आणि शस्त्रक्रियेच्या बंद दारावर शिंपडलं,
प्रवासाला निघणाऱ्याच्या मागे शिंपडतात तसं.
सफाईवाल्या बाईनं ते पुसलं नाही.

मग वरून फोन आला.
थोड्या वेळानं आणखी वरून.
धमकी कसली, आवाज मऊ होता,
माझ्या मुलीची परीक्षा कशी गेली तेही विचारलं.
एकोणिसावं नाव पहिलं झालं.
खोडरबर माझाच.
कागद जरा फाटला, एवढंच.

वसंतात बहीण आली.
म्हणाली, ही तिनं तुमच्यासाठी बाजूला ठेवली होती.
पिशवी अजून खालच्या खणात आहे.
वड्या दगड झाल्यात. तशाही त्या दगडच असतात.

आमच्या भाषेत देशबांधवांना
एका काळजाची माणसं म्हणतात.
आणि काळीज म्हणजे धडधडणारं नव्हे,
उजव्या बरगडीखालचं,
यकृतच.
शाळेत हे वाक्य कितीदा गिरवलं,
अर्थ टेबलावर बसून कळला.

तर, पोरा, लिहून घे:
कायदा चोरांसाठी नकोय मला.
माझ्यासाठी हवाय.
मऊ आवाजाला नाही म्हणताना
पाठ टेकायला काहीतरी हवं.
आत्ता माझ्या खुर्चीमागे नुसती खिडकी आहे,
आणि तीही नीट बंद होत नाही.

हे मी मोठ्यानं बोलले नाही.
बोलेन. समितीची सुनावणी गुरुवारी आहे,
तीनदा पुढे ढकललेली,
तिथे वही नेणार आहे, फाटलेल्या पानासकट.
नोकरी जाईल तर जाईल, असं आज म्हणते.
गुरुवारी काय म्हणेन, ठाऊक नाही.

डॉक्टर सारन्तुयांची सही एकशे एकोणनव्वदावी.
शाई कशीबशी उतरली, शेवटचं अक्षर नुसताच ओरखडा.
मग त्यांनी पेन माझ्याकडे दिलं.
कोमट होतं.