शिवणीतली माया

गाडीचा विमा शुक्रवारी मध्यरात्री संपतोय
असं फोनने कळवलं तेव्हा
मी तिसरीच्या चौऱ्याऐंशी हाफपँटी मोजत होते.
आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून.

संध्याकाळी कटिंगच्या टेबलावर, खडूच्या भुकटीत,
चार कंपन्यांचे चार कागद पसरले.
यल्लप्पा मास्तर चष्म्यावरून म्हणाले,
बाई, आधी माप घ्या की. कापड मग बघू.

माप काय घ्यायचं?
अकरा वर्षांची वॅगन आर, एमएच तेरा.
रंग मूळचा रुपेरी, आता होटगी रोडचा.
डाव्या दाराला ओरखडा, नवी पेठेतल्या हातगाडीचा.
मागच्या सीटवर माणसं कमीच,
गणवेशाचे गठ्ठे बसतात, शहाण्यासारखे.

पोरांचं माप सोपं.
जूनमध्ये घ्यायचं, दिवाळीपर्यंत वाढणार
हे धरूनच कात्री चालवायची.
गाडीचं उलटं, ती दरवर्षी कागदावर आखडते.
गेल्या साली एक लाख नव्वद,
यंदा एक साठ,
आणि एका कंपनीनं तर गोड आवाजात एक लाख पाच सांगितलं,
वर म्हणे, मॅडम, हप्ता आठशेनं कमी!
आठशे रुपयांच्या बदल्यात
पंचावन्न हजारांची गाडी कापली त्यांनी,
कात्रीचा आवाजसुद्धा न होता.

दुसरीकडे सातशे गॅरेजांची यादी.
त्यातलं सोलापुरातलं एक. ते फोन उचलत नाही.
आमचा सिद्राम यादीत नाही.
तो कुणाच्याच यादीत नसतो,
पण मोहोळच्या अलीकडे पट्टा तुटला
तेव्हा रात्री अकराला तोच आला होता,
एका पायात चप्पल, दुसऱ्यात बायकोची.

तिसरी कंपनी म्हणाली, पाच वर्षांत क्लेम नाही,
पन्नास टक्के सूट.
काहीच न घडल्याचं बक्षीस!
सत्तावीस वर्षं मशीनवर बसतेय मी,
एकदाच सुई बोटातून आरपार गेली.
बाकी वर्षांची सूट
कुठल्या खिडकीवर मागायची?

गिऱ्हाईक बाहेरून इस्त्री बघतं.
शिंपी कपडा उलटा करतो,
शिवणीत माया किती सोडलीय ते बघतो.
मीही कागद उलटे केले.
मागची अक्षरं मुंगीएवढी,
आणि शिवण अगदी कडेला घातलेली.
उसवली तर परत टाका घालायला जागाच नाही.

चौथा कागद सात रस्त्यावरच्या नाझनीन बागवानचा.
पोरगी पंचविशीची. पंखा बंद, कपाळावर घाम.
म्हणाली, काकू, काय मिळणार नाही ते आधी सांगते.
टायर नाही. बॅटरी नाही.
मागचे गठ्ठे तर नाहीच, तो माल.
तुमचाच ना? भाड्याचा नाही ना?
तेवढं खरं असू द्या, विचारतील.
आणि गाडी पाण्यात बंद पडली
तर चावी परत फिरवायची नाही.
फिरवली, की इंजिनाचे पैसे गेले.

मी हसले. अगं, आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं,
गाडीला कुठून येणार?
ती हसली नाही.
पुलाखाली आलं होतं काकू, दोन सालांमागं.
माझ्या भावानं फिरवली होती.

पेन्सिलीनं तिनं तीन ओळींखाली रेघा मारल्या.
हप्ता सगळ्यांत कमी नव्हता,
सहाशे चाळीस जास्तच.
मास्तरांना सांगितलं तर ते कुरकुरले,
एवढ्यात शंभर कॉलर झाल्या असत्या बे.
(मला बे म्हणायचं नाही हे त्यांना
वीस वर्षांत जमलेलं नाही.)

गुरुवारी पैसे भरले.
तिसरीच्या पँटींना कमरेत बोटभर जास्त कापड ठेवायला सांगितलं,
मास्तर परत कुरकुरले, पण ठेवलं.

मग गठ्ठे मागे लादले,
पावती सन व्हायझरमध्ये खोचली,
आणि चावी फिरवली.
एकदाच.