फलकासाठी मजकूर

ग्रामपंचायतीला फलकाचा निधी आलाय.
साडेचार फूट बाय तीन, पत्रा, लोखंडी खांब.
मजकूर माझ्याकडे, कारण मी रिकामा, निवृत्त.
मुनाफ पेंटर वेल्ह्याहून येऊन सांगून गेला:
"नऊ ओळी बसतील गुरुजी,
आणि जोडाक्षरं जरा कमीच ठेवा."

गाव शिरदरी, तालुका वेल्हे, जिल्हा पुणे.
उंबरे एकेचाळीस, सव्वीसांना कुलूप.
ओढा आहे. त्याला नाव नाही,
दुसरा ओढा असता तर ठेवलं असतं.

आता इतिहास.
जुन्या दप्तरात गाव एकदाच सापडतं,
तेही दंडाच्या यादीत:
जकात चुकवून नाळेनं मिठाचे दोन बैल वर चढवले,
सव्वा रुपया.
बैल कोणाचे, तेवढं वाळवीनं खाल्लं.
वरच्या आळीतले बिरामणे अजून
न विचारता सांगतात, आमचे नव्हते.

मग कोळशाच्या भट्ट्या, नऊ वर्षं.
पुण्यातल्या इस्त्र्या आमच्या अंजनीवर तापल्या
असं लिहावं का?
पूर्वेचा उतार अजून बोडका आहे.
देवराईपाशी मात्र कुऱ्हाडी थांबल्या,
देवाला भिऊन,
की मुकादमच तिथं तापानं आडवा झाला म्हणून,
दोन मतं आहेत
आणि दोन्ही एकाच घरात.

धनगरवाड्यावर ठकूबाई ढेबेंना वय विचारलं.
"अकरा कारव्या पाह्यल्या."
सात वर्षांनी एकदा फुलते कारवी,
मी बोटांवर गुणाकार करत होतो,
तोवर म्हणाल्या,
"पयली आठवत न्हाई. आईनं सांगितली म्हणून धरली."
इतकं काटेकोर
माझं हजेरीपत्रकही कधी नव्हतं.

आणि ऊन.
थंडीत सूर्य कड्यावरून दहाला उतरतो,
तीनला समोरचा कडा चढून जातो.
पाच तासांत वाळवण, न्हाणं, भांडण,
सगळं उरकायचं.
मी शाळा साडेदहाला भरवायचो,
साहेबांनी लाल शाईत शेरा मारला: अनियमित.

फलक आला तेव्हा चार ओळी आधीच गेल्या होत्या:
निधी कोणाचा, सरपंच कोण, सदस्य कोण, शुभहस्ते कोण.
बैल काढले. भट्ट्या काढल्या.
मुकादम तर कधीच गेला होता.
शेवटी खाली अर्धी ओळ उरली,
मुनाफ कुंचला धरून विचारतोय, "काय भरू?"
ठकूबाई शेळ्या घेऊन उभ्या होत्या.
"उन्हाचं लिवलं का?"

ऊन दहाला येते.
एकही जोडाक्षर नाही. मुनाफ खूश.

आता शेळ्या त्या खांबाला अंग घासतात.
रविवारी पुण्याच्या गाड्या येतात,
लोक उतरून वाचतात, मनगटावर बघतात,
आणि काही जण खरंच,
हात काखेत घालून,
तिथंच थांबतात.