नग दोन

मोती चौकातून खाली उतरताना
डाव्या हाताला आतारांचं दुकान,
रुंदी एका माणसाची,
आणि तो माणूस आत बसलेला.
भोवती रिमोट, कानातली यंत्रं,
गजर विसरलेली घड्याळं.

मी लेझर काचेवर ठेवला.
पेनाएवढा. टोपणावर सातवी ब चे दात.
म्हटलं, तारे दाखवायचेत,
चाळकेवाडीच्या पठारावर, पौषाच्या अमावस्येला,
त्रेचाळीस पोरं आहेत.

बाबर सर म्हणाले होते,
टीव्हीच्या रिमोटचे काढा की,
सादिलमध्ये सेल बसत नाहीत.
काढले. हिरवा ठिपका वर्गातल्या पंख्यावर चढला
आणि तिथंच फिका फिका होत
नाहीसा झाला.

आतार हसले.
"रिमोट घोट घोट पितो, बाई.
हे जनावर हौदातनं तोंडच काढत न्हाई."

मग स्थळं दाखवावीत तसे
त्यांनी एकेक सेल पुढे केले.
हा साधा, बारा रुपये,
घड्याळात वर्ष काढील, इथं रात्र न्हाई काढायचा.
हा पुन्हा पुन्हा भरायचा, पोटाला स्वस्त,
पण जन्मानंच एक पूर्णांक दोन,
तुमच्या लेझरला दीड लागतो,
दोघांत मिळून सहा दशांश तोकडे.
हा अल्कलाइन, चांगल्या घरचा,
थंडीत मात्र अंग चोरतो.
आणि हा

तो त्यांनी सरळ माझ्या तळहातावर ठेवला.
मला वाटलं नुसतं कवच आहे.
"लिथियम. वजन न्हाई, किंमत हाय."

मी मीटर मागितला.
विज्ञानाची बाई, दुसरं काय मागणार.
"मीटरवर नवा सेल फुशारकीच मारतो," ते म्हणाले,
"वझं टाकल्याबिगर कळत न्हाई कुणात किती दम."
एकेकाला इवलासा बल्ब जोडला.
आकडे उतरू लागले.
मला आमची स्टाफरूम आठवली,
मग मी,
मग मी बाहेरची रहदारी बघत उभी राहिले.

"पावतीवर काय घालू?"
"नग दोन," म्हटलं. "कसले ते नका लिहू."

पठारावर वारा असा
की पवनचक्क्याही बिचकून फिरत होत्या.
दूर दूर त्यांचे लाल दिवे,
वर इतकं आकाश
की पोरं आपोआप हळू बोलायला लागली.
मी बटण दाबलं.
पुसट, आजारी हिरवा.
दोन लिथियम, सादिलचे सगळे पैसे,
आणि कृत्तिकांच्या अलीकडेच कुठंतरी ढेपाळलेली रेघ.

सेल काढले, पुसले, घातले.
सेल ठणठणीत होते.
गारठला होता तो लेझर, त्याच्या आतला स्फटिक.
हे मला पुस्तकातून माहीत होतं
आणि दुकानात आठवलं नव्हतं.

कादंबरी लोहार म्हणाली, बाई, द्या इकडं.
तिनं तो स्वेटरच्या आत काखेत धरला,
तापमापी धरावी तसा.
मग शेजारचीनं मागितला. मग रांगच लागली.
चटणी-भाकरीचे हात, फुंकर मारलेल्या मुठी,
एकानं तर मफलरमध्ये गुंडाळून
पोटाशी धरला आणि डोळे मिटून घेतले.

दहा मिनिटांनी
माझ्या हातात कोंबडीच्या अंड्याइतका कोमट लेझर आला.
बटण दाबलं
आणि रेघ उठली, सणकून,
वाटेत एका पात्याला लागली, तुटली,
पुन्हा जोडली, तुटली,
मी हात सरकवला तशी थेट व्याधावर.

"बाई, पोचली?"
"निघाली," म्हटलं. "साडेआठ वर्षं लागतील."
कादंबरीनं बोटं मोजली.
काय उत्तर आलं ते सांगितलं नाही.

विमान दिसलं तेव्हा मी बोट काढून घेतलं.

सोमवारी लेझर कपाटात ठेवताना
सेल काढून वेगळे ठेवले,
आतारांनी बजावलं होतं.
नळीला अजून शेंगाच्या चटणीचा वास.
रिमोटचे सेल रिमोटमध्ये घातले.
तिसऱ्या तासाला शिपाई आला,
टीव्ही लागत नाही म्हणाला,
बाबर सर विचारतायत
कोणते नग दोन.