रेतीत दाबलेलं

तारेचा ब्रश झाला, राकेल झालं,
मग हबीब मिस्त्रीनं डबी उघडली,
खर्‍यासाठी ठेवलेला चुना बोटावर घेतला
आणि इंजनाच्या ब्लॉकवर चोळला.
साठ-सत्तर वर्षांच्या काजळीतून आकडे वर आले
पाटीवर यावेत तसे.

‘लिही,’ तो म्हणाला.
माझ्याकडे पुतणीची सातवीची वही, मागचं पान.
पहिलं अक्षर म्हणजे महिना.
‘ए म्हंजे जानेवारी, मंग बोटं मोडत ये.’
पुढचे दोन आकडे तारीख.
शेवटचा एकटा आकडा साल,
दशक आपलं आपण समजायचं,
जसं आसेगावात कोणी ‘पुराच्या साली’ म्हटलं
की कोणत्या पुराच्या, हे विचारत नाहीत.

तीनाचा आकडा आडवा पडलेला.
‘साचेवाल्याचा खिळा ढिला होता,’ मिस्त्री बोलला,
जणू तो माणूस कालच
याच्या टपरीवर चहा उधार पिऊन गेला.
एक लहान घड्याळ, त्यात एकच काटा:
पाळी रात्रीची.
मी विचारलं, रात्री ओतलेल्या लोखंडात फरक काय?
‘काई नाई. ओतनारा झोपेत असते.’

राहिली एक खूण.
स्टार्टरच्या भोकाखाली चिंचोक्याएवढा उंचवटा,
ना अक्षर, ना आकडा.
टॉर्च आडवा धरून पाहिला.
कागद ठेवून पेन्सिल घासली, कागदावर ढग उमटला.
बऱ्हाणपूरच्या ठाकरांना फोटो पाठवला,
ते गाडी घेणार होते अस्सल म्हणून, नगासकट.
उत्तर आलं: पुस्तकात अशी खूण नाही,
ब्लॉक बदललेला दिसतो, बारा हजार कमी.

तीन दिवस मिस्त्री
पान्याला पाना म्हणून मागेना,
नुसता हात पुढे करायचा.

चौथ्या दिवशी पार्बता ओतारीण आली,
बैलांच्या घंट्यांसाठी जुने पितळी बुश न्यायला.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
म्हणून ती बोटानंच पाहते.
शेडमध्ये पत्रा तापून कडकड वाजत होता.
ती उकिडवी बसली, ब्लॉकवरून हात फिरवत गेली,
आकडे ओलांडले,
आणि त्या जागी थांबली.

‘लोखंडात जे वर आलं, थे रेतीत खाली होतं.
साच्यातलं असतं त हजार इंजनांवर असतं,
काठ कोरल्यावानी लागले असते.
याचे काठ गोल हायेत.
पेटी उघडली, रेती एका जागी ढासळली,
कोनंतरी करंगळी लावून दाबली,
पेटी लावली, वतलं.
माह्या घंट्यांवर बी सापडतीन तुले.’

मिस्त्री काही बोलला नाही.
मी वाकून पाहिलं. बोटावरच्या रेषा नव्हत्या,
रेती तेवढं बारीक धरत नाही.
माझी करंगळी त्यावर टेकवली.
लोखंड ऊन होतं.
बोटाचं टोक बोटाच्या टोकाला लागलं
आणि मी हात मागे घेतला,
अनोळखी माणसाला गर्दीत धक्का लागावा तसा.

ठाकरांना पुन्हा फोन केला.
ते म्हणाले, असेल तसं, पण कागद कुठाय?
‘कमी करा बारा हजार,’ मिस्त्रीनं सांगून टाकलं.

वहीत महिना, तारीख, साल, पाळी नीट लिहिली होती.
त्यांच्याखाली मी लिहिलं: बोट.
पुढे कोणाचं म्हणून जागा सोडली,
तिथे आता पुतणीनं भूमितीचा त्रिकोण काढलाय.

टेम्पो यायच्या आधी मिस्त्रीनं
आकड्यांवरचा चुना फडक्यानं पुसला.
त्या एका जागचा तसाच होता.
विसरला का, हे विचारायला मी तोंड उघडलं,
तेवढ्यात पार्बताबाईचं आणि त्याचं
बुशच्या वजनावरून जुंपलं.
ती म्हणे तीन किलो, काटा म्हणे दोन आठशे,
आणि काट्यापेक्षा
तिच्या हातावर त्याचा जास्त विश्वास होता.