गाडग्यातला कागद

जानेवारीत नंदुरबारला वारा नाकाला कळतो.
पथाऱ्यांवरच्या मिरचीचा ठसका
रक्तपेढीच्या जाळीतून आत येतो
आणि मी ट्यूब हातात धरून
शिंक दाबत उभी राहते.
हात हलला तर रीडिंग गेलं.

रात्री पावणेदोनला नमुना आला :
रायकी खेत्या पावरा, वय अकरा, वॉर्ड तीन,
सिकलसेल, हिमोग्लोबिन चार पूर्णांक एक,
ओ पॉझिटिव्ह.
शेवटी डॉ. वळवींच्या अक्षरात ‘लवकर’,
खाली दोन रेघा.

सदतीस अंशांच्या पाण्याला
लवकर हा शब्द येत नाही.
रायकीचं सीरम, ओळखीच्या पेशी तीन जातींच्या,
अर्धा तास ऊब,
तीनदा धुणं,
मग कूम्ब्सचे दोन थेंब.
ट्यूब कलती केली.
तळाची लाली चुलीच्या धुरासारखी
सलग वर आली.
कळण्याच्या पिठात पाणी ओतताना होते
तशी एक गुठळीसुद्धा नाही.
तिन्हींत नाही.
रजिस्टरात लिहिलं : निगेटिव्ह.
क्रॉसमॅच जुळला, पिशवीला लेबल लावलं,
सुपडूभाऊंना हाक मारली.

ते आले, पण हात पिशवीकडे गेला नाही.
“मॅडम, बाई म्हनस, पहिले कागद दखा.”

आठ घड्यांचा कागद. मोहाचा वास.
मागे दारात हुनाबाई,
धडगावच्याही वरच्या पाड्यावरून आलेली.
अर्धं तिच्या बोलीतून कळलं,
अर्धं तिच्या हातांनी सांगितलं :
मागचं साल, धुळे, लाल पिशवी,
पोर हसत घरी.
मग बोटं मोजली. आठ.
आठव्या दिवशी डोळे हळदीचे,
आणि लघवी कशी, ते सांगायला
तिनं टेबलावरचा माझा कप उचलला,
तळाशी उरलेला कोरा चहा मला दाखवला.

पाड्यावर कावीळ म्हणून उतारा झाला.
पुन्हा धुळ्याला नेलं तेव्हा कुणीतरी,
नाव नाही, सहीची नुसती शेपटी,
निळ्या पेनानं लिहिलं होतं :
अँटी-जेके-ए. पुढच्या वेळी दाखवणे.

जेके.
कुण्या परदेशी बाळाची आद्याक्षरं.
त्याच्या आईच्या रक्तात हे प्रथम सापडलं
असं कॉलेजात शिकलेली मी,
आणि हेही, की हे प्रतिपिंड लपतं,
काही महिन्यांत इतकं विरतं
की चाचणीच्या हाती लागत नाही.
दोन मार्कांचा प्रश्न होता.
दोन्ही मिळाले होते मला.

म्हणजे ट्यूब खोटं बोलली नव्हती.
रक्त खरंच विसरलं होतं
नकोशा पाहुण्याचं नाव.
पण पाहुणा पुन्हा दारात आला असता
तर आठवड्याभरात
सगळंच्या सगळं आठवलं असतं त्याला.

लेबल सोललं. डिंक नखाखाली राहिला.
फ्रिजमध्ये ओ पॉझिटिव्हच्या अकरा पिशव्या,
आणि तपासायच्या औषधाची एकच बाटली,
मुदत संपायला तीन आठवडे.
एकेक थेंब मोजून घातला.
पहिली नाही. दुसरी नाही. तिसरी
(इथे दिवे गेले, जनरेटर उठेपर्यंत
आम्ही तिघं नुसते श्वास ऐकत होतो)
तिसरीही नाही.
अकरांत दोन निघाल्या.
एक शहाद्याच्या शिबिरातली,
एकीवर फक्त नंबर.

पहाटे रक्त चढलं. ताप नाही, हुडहुडी नाही.
पण त्याला काय अर्थ.
मी बोटांवर मोजत राहिले, हुनाबाईसारखी,
आणि नवव्या दिवशी वॉर्डात गेले.
रायकीनं मला ओळखलं नाही.
डोळे पांढरे होते तिचे, लख्ख.

कागद मी फायलीला मागितला होता.
हुनाबाईनं झेरॉक्स काढू दिली,
मूळ परत घेतला, घडीवर घडी घातली.
गाडग्यात ठेवते, म्हणाली,
मोहाच्या फुलांखाली, तिथे उंदीर जात नाही.
वाचता येत नाही तिला.

रजिस्टरातलं ‘निगेटिव्ह’ मी खोडलं नाही.
खरंच होतं ते.
शेऱ्याच्या रकान्यात, जिथे एरवी रेघ मारतो,
तिथे लिहिलं :
आईकडे कागद आहे. विचारणे.