सोपं राज्य

मे महिन्यात थाळनेरला दुपारी कोणी मोटार भरायला आणत नाही.
मोटार जळते रात्री, थ्री फेजच्या पाळीत,
तिचा धनी येतो पहाटे.
मधला वेळ कूलरचा.

भाची हेमांगी धुळ्याहून आलेली.
लॅपटॉप जुना, तापतो म्हणून खाली पितळी ताट उपडं घातलेलं.
म्हणाली, मामा, आधी राज्य निवड.

नकाशा उघडला.
दुकानातल्या इन्सुलेशन पेपरच्या कातरणांसारखी
हिरवी, तांबडी, पिवळी राज्यं
एकमेकांच्या अंगावर पडलेली.

मी बोट ठेवलं सगळ्यात मोठ्या तुकड्यावर.
"ते नको. खजिना मोठा, पण सोळा सरदार आहेत
आणि रोज एक रुसतो."
समजलं. माझ्या लग्नात सोळा नव्हते,
एकच मेहुणा होता,
तरी वरात दोन तास वेशीवर उभी होती.

मग घोड्यांचं राज्य.
"त्यांना तटबंदी नाही. पळत पळत लढायचं.
तुझा हात माऊसवर अजून बैलगाडी हाकतोय."
हे मात्र लागलं.
तांब्याच्या तारेचे वेढे मी डोळे मिटून मोजतो.

शेवटी तिनंच दाखवलं, कोपऱ्यातलं हिरवं.
तीन बाजूंनी समुद्र, चौथीला डोंगर, डोंगरात एकच खिंड.
नावाखाली लिहिलेलं: नवशिक्यांसाठी.
"खिंडीत शंभर तिरंदाज बसव आणि विसर.
आधी शेतं, मग गोदाम, मग शिपाई.
दोन सीमांवर एकदम भांडू नको.
उपाशी सैन्य राजाच्या आधी पळतं."

तेरा वर्षांची पोर.
आणि मला अठ्ठावीस वर्षांपूर्वी
बसस्टँडच्या तोंडाशी, दोन जुन्या रिवाइंडिंगवाल्यांच्या मधोमध
गाळा घेताना
असं कोणी काही सांगितलं नव्हतं.

नकाशाच्या पोटात, एका नदीला टेकून
मातकट रंगाचा ठिपका होता.
चारी बाजूंना चार बलाढ्य, ठिपक्यात एक किल्ला.
"हाई कोन्हं शे?" मी विचारलं.
"ते कोणीच घेत नाही. दहाव्या डावाला मरतं."
नदीचं नाव काही वेगळंच होतं. वळण मात्र...
जाऊ दे. नद्या सगळीकडे वळतात.
आमच्या मागे तापी आहे, तिच्या काठाला बुरुजाची माती.
पोरं तिथे पतंग उडवतात.
इथे कधी राजे बसायचे
हे एका वर्षी शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं,
दुसऱ्या दिवशी गणित होतं.

मी हिरवं घेतलं. शहाण्यासारखं.
शेतं पेरली, गोदाम बांधलं, खिंडीत शंभर बसवले.
दहावा डाव गेला, विसावा गेला.
ठिपका मेला नाही. निम्मा झाला.
तेहेतिसाव्या डावाला त्याचा दूत आला:
मैत्री कराल का?

हेमांगी खरबूज खात होती. न बघताच म्हणाली, नाही म्हण.
नवशिक्यानं दुबळ्याशी तह करायचा नसतो.
त्याच्या चारी सीमा मग तुझ्या होतात.

माझं बोट नाहीवरच होतं.
घसरलं म्हणा.

ती गेली सोमवारच्या गाडीनं, लॅपटॉप ठेवून.
तिला नवा मिळणार आहे.
मी रात्री शटर अर्धं ओढून बसतो.
दर दोन डावांनी खिडकी उघडते: तुमच्या मित्राला धान्य हवं.
पाठवतो. गोदामाचा आकडा उतरतो.
खिंडीतले शंभर आता चाळीस,
साठ त्या किल्ल्यावर,
परक्या नदीचं पाणी पीत.

काल फोन केला तिला.
"मी हारी ऱ्हायनू का, बाई?"
तिनं सगळे आकडे विचारले, डॉक्टरीणबाईंसारखे.
मग म्हणाली, "हो मामा. पण हळूहळू."

बाहेर कोणी पाच हॉर्सपॉवरची मोटार उतरवत होतं,
जळक्या वार्निशचा वास आत आला.
थांब म्हटलं,
एवढं धान्य पोचू दे.