नजरा

चितारओळीत आमचं काम डोळ्यांचं.
मूर्ती कुणीही रंगवो, डोळ्यांसाठी माझ्याकडे येते.
म्हणून असेल, कोठीच्या साहेबांनी
सात बायका माझ्यापुढे भिंतीला टेकवल्या :
भोसल्यांच्या दरबारातल्या, म्हणाले, सरदारघराण्यांतल्या.
बुरशी काढा. रंग उडालाय तिथे भरा.

गुजाबाईसाहेब, गालावर आलेली मोत्यांची नथ.
लाडूबाईसाहेब, चिंचपेटी, खाली तन्मणी.
उमदाबाईंच्या वाकीवर तर पाचूचा पोपट,
चोचीत माणिक, तिळाएवढं.
दागिना न् दागिना वेगळा.
हनुवटी एकच.

तिसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याखाली
पुन्हा तोच कान निघाला,
डाव्या पाळीला तीच फाटलेली चीर,
कुडी दोऱ्यानं बांधून लटकवलेली.
दोरासुद्धा काढलाय त्या चिताऱ्यानं, इमानानं.

पडद्याआड त्याला कोण सोडणार?
दागिने तेवढे बाहेर यायचे, तबकात, मोजून,
आणि तबक घेऊन यायची एक.
तिचं नाव कशावरच नाही. मी सारजी म्हणते.
बस इथं, तो म्हणाला असेल, नथ घाल.
‘मी काहून? मले कामं हायेत, बाप्पा.’
तरी बसली. सहादा बसली.

मागच्या चिठ्ठीवर टंकलंय :
‘कुलीन स्त्रीची विनयशील, नत दृष्टी.’
मी डोळे करते. नजर कुठं पडते ते मला कळतं.
ही नुसती खाली नाही. डावीकडे खाली,
वीतभर पलीकडे, जिथं तबक ठेवलं असेल.
मोजतेय.
सोळा पुतळ्या, दोन तोडे, मासोळ्या चार,
नथ नाकात आहे, ती धरून किती?
मोती एक कमी भरला
तर पाठ हिची.

सातवी विधवा.
गळा मोकळा, मनगटं मोकळी.
पांढरं लुगडं कुणाचं नेसली कुणास ठाऊक,
का तिचंच होतं.
त्या दिवशी तबक आलंच नसणार.
ती सरळ बघतेय,
चिताऱ्याच्या खांद्यावरून, खिडकीतून, जुम्मा तलावाकडे कदाचित.
आता माझ्याकडे.

साहेब म्हणाले, हिची नजर जरा उग्र वाटते,
बाकीच्यांशी जुळत नाही. थोडी खाली घेता येईल?

बघते, म्हटलं.
कुंचला धुतला, पाणी बदललं,
आणि उमदाबाईंच्या पोपटाची
शेपटी भरायला घेतली.